पारूच्या शिंगराचा पांढरा पाय

१३ जानेवारी, सोमवार

आज हैबतरावांच्या स्टडवर रुजू झाले. मुळशी धरणाचं पाणी जिथे डोंगराच्या कुशीत शिरतं त्या टोकाला ही जागा आहे; भरे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीपासून स्कूटरने तासाभराची वाट. इथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते. चोवीस घोड्या, एक स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, आणि दरवर्षी जन्मणारी पंधरा-सोळा शिंगरं. मी आनुवंशशास्त्रात पीएच.डी. केली ती अकोल्याला, गाईंवर. त्यानंतर सहा वर्षं हिंजवडीत संगणकासमोर बसून जनुकांचे तक्ते वाचले. घोड्याला हात लावण्याची आजची पहिलीच वेळ. ही गोष्ट मी हैबतरावांना सांगितली नाही आणि त्यांनीही विचारली नाही.

त्यांनी मला पडवीत बसवलं, चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आले. “डॉक्टर, माझे प्रश्न दोनच. पारू ठेवायची की विकायची? आणि ठेवायची असली, तर तिच्या दोघी बहिणी मार्चअखेर विकायला निघतायत. त्या घ्यायच्या का?”

पारू ही पंधरा वर्षांची तपकिरी घोडी. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. ते कोणी घेत नाही. तिच्या मागच्या चार पिढ्यांत एकही नावाजलेला घोडा नाही. तरीही इथे जन्मलेली तिची तिन्ही शिंगरं पुढे शर्यतीत जिंकली. तिघांचे मिळून अकरा विजय. त्याच स्टॅलियनपासून मोठ्या घराण्यांतल्या घोड्यांना झालेल्या शिंगरांपैकी जेमतेम एक तृतीयांश शिंगरं एखादी तरी शर्यत जिंकतात. गेली काही वर्षं पारू रिकामी गेली. आता ती पुन्हा गाभण आहे आणि याच आठवड्यात विणार आहे.

मी जन्मजात शिक्षिका असल्यामुळे समोर वर्ग बसला आहे असं समजूनच लिहिते. तर, दोन घोड्यांच्या वेगात जो फरक दिसतो, त्यातला किती रक्तातून आलेला असतो आणि किती खुराक, जमीन, तालीम, जॉकी यांतून? निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे आकडे येतात, पण रक्ताचा वाटा सहसा निम्म्याहून बराच कमी निघतो. उरलेल्या सगळ्याला आम्ही ‘पर्यावरण’ असं भारदस्त नाव देऊन तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात टाकतो. तेव्हा सामान्य रक्ताच्या एकाच घोडीची ओळीने तीन शिंगरं जिंकावीत हे विलक्षण आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे. एक तर तिच्यात एखादं दुर्मीळ जनुक दडलं आहे किंवा कोणीतरी काहीतरी करत आहे.

पारूची त्याआधीची दोन शिंगरं उत्तरेतल्या एका स्टडवर जन्मली आणि वाढली. ती शर्यतीत काहीच करू शकली नाहीत असं म्हणतात, पण त्यांच्या नोंदी अपुऱ्या आहेत. म्हणून मी ती तक्त्यातून वगळली. अर्धवट माहिती बाळगण्यापेक्षा ती वगळलेली बरी.

१७ जानेवारी, शुक्रवार

पारू परवा व्याली. काल ‘मेमसाब’ व्याली. मेमसाब म्हणजे परदेशातून आणलेली, उच्च कुळातली घोडी. हे नाव तिला पागेतल्या माणसांनी दिलं आहे. दोन्ही शिंगरं एकाच स्टॅलियनची, दोन्ही तपकिरी, दोघांच्याही कपाळावर चांद. दोघांचाही एकेक मागचा पाय खुरापासून वीतभर पांढरा आहे, पण एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा. त्यामुळे ओळख पटवणं सोपं जाईल.

ओळखपत्रकं भरण्याचं काम मी मागून घेतलं. पत्रकावर घोड्याची छापील आकृती असते. तिच्यावर चांद, भोवरे, पांढरे पाय दाखवायचे आणि शेजारच्या चौकटीत ‘डावा मागचा’ किंवा ‘उजवा मागचा’ अशी खूण करायची. व्यालेल्या घोडीच्या मागे उभं राहू नका, असं कोंडिबाने बजावलं होतं. कोंडिबा हा इथला सर्वांत जुना मोतद्दार. तीस वर्षं घोड्यांची निगा राखतो आहे. त्याचं ऐकून मी शिंगरांच्या अगदी समोर उभी राहिले आणि जसं दिसलं तसं, पूर्ण काळजीने नोंदवलं. पारूच्या शिंगराचा माझ्या डाव्या हाताकडचा पाय पांढरा, म्हणून ‘डावा मागचा’. मेमसाबच्या शिंगराचा माझ्या उजव्या हाताकडचा, म्हणून ‘उजवा मागचा’. दोन्ही पत्रकं अर्ध्या तासात झाली.

कोंडिबाने माझ्या खांद्यावरून पत्रक पाहिलं, मग शिंगराकडे पाहिलं, मग पुन्हा पत्रकाकडे. तो काहीतरी बोलणार होता, पण नुसताच हसला आणि म्हणाला, “चालायचं, बाई.” त्याला लिहितावाचता येत नसावं. आकृती म्हणजे काय हे त्याला सावकाश समजावून सांगायला हवं होतं.

१९ जानेवारी, रविवार

घरमालकीण लीलाबाईंनी सकाळी म्हैस दाखवायला नेलं. मी तसली डॉक्टर नाही, हे त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग कसली वो डॉक्टरीण तुमी? घोड्याला चालती आन् म्हशीला चालत न्हाई?” मी त्यांना रक्त आणि पर्यावरण यांचा फरक पंधरा मिनिटं समजावला. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि आपल्या दोन मुलांचं उदाहरण दिलं. थोरला बारा वर्षांचा होईपर्यंत आजोळी, ताम्हिणीकडच्या डोंगरात वाढला. तो अजून भाताचं पोतं एका दमात माळ्यावर नेतो. धाकटा इथे कंपन्यांच्या रस्त्यालगत वाढला. त्याला जिना चढताना धाप लागते. “एकाच पोटची हायेत दोगं. आता काय म्हंता?”

उदाहरण मनोरंजक आहे, पण दोनच व्यक्ती आणि नियंत्रित परिस्थिती नाही. असल्या पुराव्यावर काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

पारूचा जनुकीय अहवाल आला. वेगाशी ज्याचा संबंध जोडला जातो ते स्नायूंच्या वाढीचं जनुक तिच्यात अगदी सर्वसाधारण प्रकारचं आहे. आणखी ज्या जागा तपासून घेतल्या, तिथेही काही नाही. दुर्मीळ जनुकाची शक्यता मी जवळजवळ खोडली आहे. म्हणजे दुसरी शक्यता उरते.

आज सकाळी साडेआठला पारूच्या खुरांत लाल माती आढळली. स्टडच्या कुरणात सगळीकडे बाहेरून आणलेली काळी माती आणि वाळू आहे. लाल माती फक्त मागच्या डोंगरावर. कोंडिबाला विचारलं, तर तो म्हणाला, “वाऱ्यानं येती.” वारा घोडीच्या खुराच्या आत कसा शिरतो, हे विचारल्यावर तो बादली उचलून निघून गेला.

व्यवस्थापक शेखर म्हणाला की घोडी आणि शिंगरू कुंपणाबाहेर नेण्यास इथे सक्त मनाई आहे. डोंगरावर पाय मुरगळला, तर लाखमोलाचं जनावर जन्माचं अधू होतं. खुराकही फक्त सीलबंद पोत्यांतला द्यायचा. मी हे दोन्ही नियम वहीत लिहून घेतले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पारूच्या गव्हाणीच्या मागे कापडी पिशवी सापडली. तिच्यात तांबूस भुकटी. शर्यतीच्या क्षेत्रात भुकटीला एकच अर्थ असतो: उत्तेजक द्रव्य. एक चमचा भुकटी कागदात बांधून घरी आणली आणि तिच्यावर आयोडिनचा थेंब टाकला. निळीकाळी झाली, म्हणजे पिष्टमय पदार्थ. पण पिष्टात दुसरं काहीही मिसळता येतं. एवढ्यात लीलाबाई आल्या आणि मी अडवायच्या आत चिमूट जिभेवर ठेवून मोकळ्या झाल्या. “नाचणी हाय की. भाजलेली. चांगली हाय, कुटनं आणली?”

नाचणी निरुपद्रवी असेल. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, हेही मला ठाऊक आहे. पण निरुपद्रवी वस्तू कोणी लपवून ठेवत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे आढळलं ते क्रमाने लिहिते.

विम्याच्या अर्जासाठी शेखर शिंगरांच्या खुणा सांगत होता आणि मी लिहीत होते. तो पारूच्या शिंगराच्या कुशीला उभा राहून म्हणाला, “उजवा मागचा पांढरा.” मी थांबवलं, पुन्हा पाहायला सांगितलं. उजवाच. मग मेमसाबच्या शिंगराकडे गेलो. डावा.

माझी जानेवारीची पत्रकं याच्या नेमकी उलट आहेत. पारूच्या शिंगराचा डावा, मेमसाबच्या शिंगराचा उजवा. पत्रकावर माझी सही आहे, तारीख आहे. दोन शिंगरांच्या खुणांची तंतोतंत अदलाबदल व्हावी याचं एकच स्पष्टीकरण संभवतं: शिंगरांचीच अदलाबदल झाली आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घोडी फसू शकते, असं मी वाचलं आहे.

आता सगळं जागेवर बसतं. सामान्य घोडीची असामान्य शिंगरं मुळात तिची नसतीलच! दर वेळी एखाद्या खानदानी घोडीचं शिंगरू पारूच्या पोटी लावलं गेलं असेल. आणि हे करू शकणारा माणूस एकच.

शेखरला मी सगळं सांगितलं नाही; कोंडिबाला पारूविषयी इतकं काय वाटतं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, ती आली त्याच वर्षी विकायच्या यादीत होती. दुसऱ्या घोड्या तिला कुरणात टिकू देत नव्हत्या, चावायच्या. तिने खाणं सोडलं होतं. कोंडिबा हैबतरावांसमोर जाऊन रडला आणि एक वर्ष मागून घेतलं. त्यानंतरच तिचं इथलं पहिलं शिंगरू आलं. म्हणजे हेतूही सापडला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही घोड्या, दोन्ही शिंगरं आणि स्टॅलियन, सर्वांच्या आयाळीचे केस मुळांसकट काढून पालकत्वाच्या तपासणीला पाठवले. अहवालाला तीन ते चार आठवडे लागतील. कोंडिबाने शिंगराला धरलं होतं. “केस कशाला उपटताय, बाई?” नेहमीची तपासणी आहे, असं मी म्हणाले. तो शिंगराच्या मानेवरून हात फिरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची छटा होती की नाही, हे मला ठरवता आलं नाही. नसेल तर तो सराईत असला पाहिजे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे सव्वासहाला स्टडच्या मागच्या कुंपणापाशी करवंदीच्या जाळीआड उभी राहिले. साडेसहाला कोंडिबा पारूला घेऊन आला. कुंपणाच्या दोन आडव्या बल्ल्या त्याने सरकवल्या, घोडी बाहेर काढली, बल्ल्या पुन्हा लावल्या. शिंगरू मोकळंच तिच्या मागोमाग. तिघंही दगडगोट्यांच्या पायवाटेने डोंगर चढू लागले. मी दोनशे पावलं मागे राहिले.

वाट तासलेली नाही. शिंगरू जागोजागी अडखळत होतं, पण पडलं नाही. दगड टाळून पाय कुठे टाकायचा हे त्याला एव्हाना कळलेलं दिसलं. वर एक लहानशी माळाची पट्टी आहे, नाचणीची कापणी झालेली, कोंडिबाची स्वतःचीच असावी. खाली धरणाचं पाणी दिसतं. त्याने पारूच्या तोंडावरची दोराची मोरखी सैल केली, तिला घमेल्यात कालवलेली नाचणी दिली आणि बांधावर बसून तंबाखू मळली. शिंगरू उतारावरून खाली धावत गेलं, वळून वर आलं, पुन्हा खाली. मी मोजलं, नऊ वेळा.

तो कोणाला भेटायला आला आहे याची मी वाट पाहत होते. कोणीही आलं नाही. बहुधा माझी चाहूल लागली असावी. सत्तर मिनिटांनी तिघं परत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हैबतरावांना सगळं क्रमाने सांगितलं: खुरातली माती, पिशवी, डोंगर आणि शेवटी दोन पत्रकं. त्यांनी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग कोंडिबाला बोलावलं.

डोंगरावर नेतोस का, विचारल्यावर तो लगेच म्हणाला, “व्हय, नेतो.” नाचणी देतोस का? “देतो. माज्या रानातली हाय.” कधीपासून? “पारू आली तवापासनं. ती हितं खातच न्हवती, मालक. वर ग्येली की खायाची. मग रोजचंच झालं. तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता.”

मग हैबतरावांनी पत्रकं पुढे केली आणि शिंगरांची अदलाबदल झाल्याचं सांगितलं. कोंडिबाला आधी समजलंच नाही. समजल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, हैबतरावांकडे नाही.

“शिंगरू पारूचंच हाय, बाई. म्या माज्या हातानं वडलंय त्येला.”

“कागद काय म्हणतोय ते बघ,” हैबतराव म्हणाले. “तीस वर्षं तुझ्यावर पागा टाकून मी निवांत होतो. अहवाल येईस्तोवर या फाटकात पाय ठेवायचा नाही.”

त्याने खांद्यावरची मोरखी खिळ्याला अडकवली, पारूच्या गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला, मग चालत निघून गेला. मला वाटलं होतं तसं समाधान वाटलं नाही. पण पुरावा भावनेवर सोडता येत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवा मोतद्दार नेमला आहे. नियम पाळतो. पारू रोज साडेसहाला मागच्या कुंपणापाशी, नेमक्या त्या दोन बल्ल्यांसमोर जाऊन उभी राहते आणि सव्वासात, साडेसातपर्यंत हलत नाही. शिंगरू तिच्या सावलीत. निरीक्षण म्हणून नोंदवते. सवयीचा परिणाम, तक्त्यात त्याला जागा नाही.

६ मार्च, गुरुवार

पारूने खुराक निम्म्यावर आणला आहे. दूधही कमी झालं आहे. शिंगरू आडवं पडून राहतं. दुसऱ्या घोड्या गव्हाणीपाशी तिला पुन्हा रेटू लागल्या आहेत. शेखर म्हणतो, उन्हाळा लागला म्हणून. असेल.

हैबतरावांनी बहिणींविषयी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, अहवाल येऊ द्या. शिंगरू पारूचं नसेल तर तिचं रक्त सामान्य आहे, तिला विका. तिचंच असेल तर रक्तात काहीतरी आहे, बहिणीही घ्या. किती नेटकी मांडणी! दोन दारं, एक किल्ली.

१८ मार्च, मंगळवार

अहवाल आला. पारूचं शिंगरू पारूचंच. मेमसाबचं मेमसाबचं. शंकेला जागा नाही.

माझा पहिला संशय प्रयोगशाळेवर गेला: नमुन्यांच्या पाकिटांवरची नावं बदलली असतील. दुसरा शेखरवर: त्याने खुणा चुकीच्या सांगितल्या असतील. तेव्हा दोघांनाही न सांगता मी पारूच्या शिंगराचं नवं पत्रक करायला गेले. जानेवारीसारखीच समोर उभी राहिले. माझ्या डाव्या हाताकडचा मागचा पाय पांढरा होता. ‘डावा मागचा’ अशी खूण केली. शेखर खोटा ठरला म्हणून मला, लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

मग फोटो काढण्यासाठी वळसा घालून शिंगराच्या कुशीला गेले. शिंगरू जागचं हललं नव्हतं. जिकडे त्याचं तोंड होतं तिकडेच मी तोंड केलं आणि पांढरा पाय माझ्या उजव्या हाताला आला.

तिथेच उभी राहिले. समोर उभ्या असलेल्या जिवाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे शाळेतल्या मुलीला कळतं. घोड्याची डावी-उजवी घोड्याच्या अंगाने मोजतात, हे या पागेत झाडू मारणाऱ्यालाही कळतं. मी पीएच.डी. आहे, गाईंची, तीही कागदावरच्या. दोन्ही पत्रकांत मी एकच चूक केली आणि म्हणूनच त्या चुकीला अदलाबदलीचं इतकं सुबक रूप आलं.

कोंडिबाने त्या दिवशी माझ्या खांद्यावरून पाहिलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं असं मी लिहिलं आहे. मागे जाऊन ते पान वाचलं.

जानेवारीपासून जन्मलेल्या सर्व नऊ शिंगरांची पत्रकं मीच भरली आहेत. नऊच्या नऊ आता संशयित आहेत.

१९ मार्च, बुधवार

झोप नीट लागली नाही. काल मला फक्त डाव्या-उजव्याचं दिसलं होतं. आज सकाळी तक्ता उघडला आणि त्याहून मोठी चूक दिसली.

उत्तरेतल्या स्टडवरची पारूची दोन शिंगरं. मी पहिल्याच दिवशी वगळली ती. त्या स्टडला फोन केला. तिथल्या कारकुनाने अर्ध्या तासात सगळ्या नोंदी पाठवल्या. मी मागितल्या नव्हत्या, एवढंच. दोन्ही शिंगरं सपाट, मऊ कुरणात वाढली. दोघं मिळून एकवीस शर्यतींत धावली, पहिल्या तिघांत एकदाही नाहीत. स्टॅलियन अर्थात वेगळा, पण आमच्याकडच्यापेक्षा नावाजलेला. तीच आई, तेच रक्त. फरक कशाचा? इथे जन्मलेली तिन्ही शिंगरं आठवडाभराची होताच रोज दगडांवरून डोंगर चढली, माळावर धावली, आणि त्यांची आई शांतपणे पोटभर खात होती. कोवळ्या वयातल्या चालण्या-धावण्याने हाडं आणि स्नायुबंध बळकट होतात, हे मी स्वतः एका प्रशिक्षणात दोन तास शिकवलं आहे.

माझ्या शेवटच्या रकान्यात, ‘पर्यावरण’ या शब्दाखाली, एक माणूस उभा होता. त्याला मी फाटकाबाहेर काढलं.

शिस्त म्हणून हेही लिहिते: यातून काही सिद्ध होत नाही. एक घोडी, एक डोंगर, पाच शिंगरं. पण माझ्या दोन दारांच्या मांडणीत हे तिसरं दार नव्हतंच, आणि त्या भरवशावर हैबतराव दोन घोड्या विकत घेणार होते.

२० मार्च, गुरुवार

सकाळी कोंडिबाच्या घरी गेले. घरी नव्हता. धरणाकडेच्या एका रिसॉर्टच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागला आहे. निळा गणवेश त्याला खांद्यांत आखूड होतो. शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांचे नंबर दुसऱ्याकडून लिहून घेतो, असं तो म्हणाला. मी अहवालाचं सांगितलं. त्याला त्यात काहीच नवीन वाटलं नाही.

मग पत्रकाचं सांगितलं. डावा, उजवा, समोर उभं राहणं, सगळं. तो ऐकत होता.

“त्या दिशी सांगनार हुतो,” तो म्हणाला. “पर तुमी लई झपाझप लिवत हुता. म्हनलं, शिकलेली बाई हाय, कायतरी येगळी रीत असंल कागदावर.”

मी माफी मागितली. त्याने ती झटकली नाही आणि घेतलीही नाही. एक गाडी आली, त्याने फाटक उघडलं, बंद केलं आणि परत आला.

“पारू खाती का?”

“निम्मं.”

“बल्ल्यांपाशी उभी ऱ्हाती?”

हो म्हणाले. तो पाण्याकडे वळला.

“पारूसाटी येईन. तुमच्यासाटी न्हाई. पर माझ्यावर आळ आला त्यो कागदावर आला. मालकाच्या म्होरं, समद्या पागेच्या म्होरं आला. तसाच जाऊ द्या त्यो. माफी मला कळती, बाई, पर ती तोंडात ऱ्हाती.”

२१ मार्च, शुक्रवार

हैबतरावांना सांगणं सर्वांत अवघड गेलं. त्यांच्या पडवीत भिंतीवर त्यांच्या घराण्याच्या सात पिढ्यांची नावं लावलेली आहेत. त्यांच्याच खाली बसून मी रक्ताचा हिशेब मला मांडता आला नाही असं सांगत होते. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, “म्हणजे पारूत काहीच नाही?”

“आहे. किती आहे ते मला सांगता येत नाही. मी ते मोजतच नव्हते. बहिणी घेऊ नका, निदान माझ्या शब्दावर तरी नको. पारू विकू नका.”

“आणि डोंगर?”

मी म्हणाले, मेमसाबचं शिंगरूही डोंगरावर पाठवा. दुसऱ्या आईचं, दुसऱ्या रक्ताचं, त्याच वाटेने. चार-पाच वर्षं नोंदी ठेवल्या तर काहीतरी खरं बोलता येईल. हैबतराव एकदम उभे राहिले. मेमसाबचं शिंगरू, दगडांवरून! त्याचा एक पाय म्हणजे आपल्या आयुष्याची कमाई, असं म्हणत ते पडवीच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि बसले. मग म्हणाले की, कोंडिबा बरोबर असेल तरच.

दुपारी सगळी पागा जमवली. शेखर, सहा मोतद्दार, खुराक आणणारे, आणि फाटकातून आत यायला दोनदा बोलवावं लागलेला कोंडिबा. मी जानेवारीची दोन्ही पत्रकं मोठ्याने वाचली. चूक कशी झाली ते सांगितलं. लाल शाईने ‘डावा’ खोडून ‘उजवा’ केलं, मेमसाबच्या पत्रकात त्याच्या उलट, आणि दोन्हीकडे लिहिलं: ‘चूक माझी. मोतद्दार कोंडिबा यांचा दोष नाही.’ सही. तारीख. हैबतरावांनी खाली स्वतःची सही केली. ते कोंडिबाकडे न पाहताच म्हणाले, “आता पुरे ना, लेका?” तो म्हणाला, “व्हय, मालक.” हैबतरावांनी नाक शिंकरलं, धूळ फार होती.

नऊपैकी उरलेली सात पत्रकं आज नव्याने केली. सातही चुकीची होती.

२४ मार्च, सोमवार

साडेसहाला बल्ल्यांपाशी पोहोचले तेव्हा पारू तिथे होतीच. कोंडिबाला पाहून ती खिंकाळली नाही, धावली नाही. फक्त बाहेर निघाली, जणू कालही गेली होती.

मेमसाबची मोरखी कोंडिबाने माझ्या हातात दिली. एवढ्या जवळून घोडी धरण्याची माझी पहिलीच वेळ, हे या वेळी मी त्याला सांगितलं. तिच्यासमोर उभी राहून मी दोर ओढायला लागले, तशी तिने मान वर झटकली.

“तसं न्हाई. डाव्या अंगाला या. डाव्या अंगानंच धरत्यात घोडं.”

“कुणाच्या डाव्या?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हसला, जानेवारीतलंच हसू, पण या वेळी पुढचं बोललाही. “तिच्या, बाई. हितं समदं तिच्या अंगानं.”

मी वळसा घालून मेमसाबच्या खांद्यापाशी गेले. जिकडे तिचं तोंड तिकडे माझं तोंड. चढ सुरू झाला तसं तिचं शिंगरू पहिल्याच दगडापाशी थांबलं. पारूचं पुढे जाऊन वळलं आणि त्याच्याकडे बघत उभं राहिलं. आम्ही चौघं मोठे थांबलो. कोंडिबाने कोणालाही ओढू दिलं नाही. सात मिनिटं गेली. मग मेमसाबच्या शिंगराने दगडाचा वास घेतला आणि त्याच्या कडेने पाय टाकला. डावा, पांढरा.